डाव्या हातातली तलवार

आमच्या घरमालकांकडे कोणी खोल्या बघायला आलं, की ते आधी खोल्या दाखवत नसत. बैठकीत नेत, भिंतीपुढे उभं करत आणि विचारत, "सांगा बघू, हा माणूस ह्या मुलाला मारणार होता का?"

घर शोधायला आलेल्या माणसानं यावर काय सांगावं! तो बिचारा नळाला पाणी कधी येतं ते विचारायला आलेला. आमच्या ह्यांनी चष्मा पुसला, चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मारणारसा वाटत नाही." खरं सांगायचं तर ह्यांना काहीच वाटलं नव्हतं. ह्यांना खोल्या हव्या होत्या. पण घरमालक एकदम खुलले. स्वतः उठून चहा टाकला, बशीत तिळगुळाची गजक ठेवली आणि म्हणाले, "वरच्या दोन खोल्या तुमच्या. पाणी सकाळी येतं."

असे आम्ही त्यांचे भाडेकरू झालो आणि पुढे इतकी वर्षं राहिलो की आमची लेक त्यांना आजोबा म्हणत मोठी झाली. मी त्यांना भाऊसाहेब म्हणे, ते मला वहिनी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या त्या मराठी गल्लीत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि नीट ओळखतो असाही नव्हता. मी त्यातलीच. आता ते नाहीत, तरी त्यांच्याबद्दल बोलायला लागले की दर दोन वाक्यांनी अडखळते. असं होतं की तसं होतं?

चित्राचं आधी सांगते, कारण चित्राशिवाय भाऊसाहेब नाहीत.

हातभर रुंदीचा जुना, चहाच्या डागासारखा पिवळट कागद, काळी चौकट. रंग बिलकुल नाही. नुसत्या काळ्या रेघा, फणीनं विंचरल्यासारख्या. मधोमध एक दाढीवाला म्हातारा, अंगावरचं वस्त्र वाऱ्यानं फुगलेलं. त्याच्यापुढे लाकडाच्या मोळीवर एक मुलगा गुडघे टेकून, मान खाली घालून. म्हाताऱ्याचा उजवा हात मुलाच्या केसांवर, आणि डाव्या हातात तलवार, पार डोक्याच्या वर उचललेली. आभाळात जिलबीसारखे ढग. त्या ढगांतून एक पंखवाला अर्धा बाहेर लोंबकळतोय आणि त्यानं तलवारीचं पातं मुठीत पकडलंय. कोपऱ्यात झुडपात शिंगं अडकलेला एक मेंढा. आणि मागं एक गाढव, ज्याला ह्या सगळ्याचं काही पडलेलं नाही.

भाऊसाहेबांच्या वडिलांनी, म्हणजे ज्यांनी त्यांना दत्तक घेतलं त्या वडिलांनी, मायदेशी परत निघालेल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या सामानातून ते उचललं होतं. का उचललं, विचारू नका. "चौकट चांगली होती," असं भाऊसाहेब सांगत.

मला कितीतरी दिवस ते आपल्याच पुराणातलं काहीतरी वाटे. राजानं तलवार उचलली आणि देवानं ऐन वेळी हात धरला, असं आपल्याकडेही आहेच की. फक्त पंख कुठून आले आणि गाढव कशाला, तेवढं जमेना. मग एकदा समोरचे शिवणकामवाले मास्टर भाऊसाहेबांच्या सदऱ्याचं माप घ्यायला आले. त्यांनाही अर्थातच भिंतीपुढे उभं केलं गेलं. मास्टर बघताक्षणी म्हणाले, "अरे बड़े भाई, ये तो हमारे यहाँ का क़िस्सा है! बकरीद इसी की तो है." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सगळ्यात लाडकं जे असेल ते मला दे, असं देवानं म्हाताऱ्याला सांगितलं, म्हातारा पोराला घेऊन डोंगरावर गेला, आणि शेवटच्या क्षणाला पोराच्या जागी मेंढा आला. "लड़का बच गया. फ़िक्र मत करो." पुढे दवाखान्यातल्या ख्रिश्चन सिस्टर म्हणाल्या, हे आमच्या बायबलातही आहे, अब्राहाम त्याचं नाव. म्हणजे चित्र कोणाचं, हा घोळ आणखीनच वाढला.

पण भाऊसाहेबांना तो घोळ नव्हताच. ते म्हणाले, "मास्टर, मुलगा वाचला ते मला दिसतंय. मेंढा काय शोभेला काढलाय? माझा सवाल वेगळा आहे. बापाच्या मनात होतं का?"

मास्टरांनी बाहीचं माप घेतलं आणि टेप गळ्यात टाकली. "मन का हाल तो ऊपरवाला जाने. आप आस्तीन पूरी रखोगे या आधी?"

भाऊसाहेब जिल्हा कोर्टात होते, नकला काढतात त्या शाखेत. अस्सल कागद एका बाजूला, नक्कल दुसऱ्या बाजूला, आणि मधे हे, काना-मात्रा मिळवून बघत. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय गेली नाही. सकाळी दोन वर्तमानपत्रं घ्यायचे आणि एकच बातमी दोन्हींत वाचून, कोण कुठे घसरला ते मला जिन्याखालून ओरडून सांगायचे. माझी आमटी चाखून म्हणायचे, "वहिनी, परवाच्या आणि आजच्या आमटीत एका गुळाच्या खड्याचा फरक आहे." असायचा, काय सांगू!

त्या डोळ्यांनी त्यांनी चित्रातही एक गोष्ट धरली होती. ती म्हणजे डावा हात. "बघा वहिनी," ते म्हणायचे, "आपल्यात पोर डाव्या हातानं प्रसाद घ्यायला गेलं तर आई चापट मारते. देवाचं काही डाव्या हातानं करतात का? आणि हा माणूस देवाला पोटचा मुलगा द्यायला निघालाय, आणि हात कुठला उचलतो? डावा! कारण त्याच्या मनात द्यायचं नाहीच आहे. तो देवाला फसवतोय. तो पंखवाला नसता आला, तरी ती तलवार खाली आली नसती."

हे ऐकून पहिल्यांदा मी हसले होते. मग त्यांनी दुसरं सांगितलं, तेव्हा हसू गेलं.

भाऊसाहेब जन्मले हजीऱ्याला. हजीरा म्हणजे किल्ल्याच्या पलीकडचं जुनं ग्वाल्हेर. सख्खे वडील मिलमध्ये कामाला. लष्करातले हे भाऊबंद दरबारी नोकरीतले, घरदार सगळं, पण मूल नाही. तेव्हा भाऊबंदांतला मुलगा घ्यायचा ठरला, आणि सहा वर्षांच्या भाऊसाहेबांना दिलं. थोरला मुलगा देऊ नये असं शास्त्र आहे म्हणे. पण धाकटा अंगावर पीत होता, म्हणून थोरल्याला दिलं. दत्तकविधान लष्करातच झालं. "मला जरीची टोपी घातली होती," भाऊसाहेब सांगायचे. "कानाला टोचत होती. समोर वडील बसलेले. भटजी म्हणाले, उदक सोडा. पाणी सोडलं की मुलगा दुसऱ्याचा. वडिलांनी सोडलं. वहिनी, मला शपथेवर आठवतं, डाव्या हातानं सोडलं."

म्हणजे तो प्रश्न कोणाचा होता, ते मला त्या दिवशी समजलं. खोल्या बघायला आलेल्या माणसांना, मास्टरांना, गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याला, सगळ्या जगाला ते आपल्या बापाबद्दल विचारत होते.

आणि तरी हजीऱ्याला ते कधी गेले नाहीत. लहानपणी नव्या आईनं घातलेली बंदी नवी आई गेल्यावरही उठली नाही. सख्खी आई वारली तेव्हा शाळेत होते, घरात कोणी सांगितलंच नाही. मोठेपणी गल्लीतल्या कोणाच्या मुलाचं लग्न हजीऱ्याला असलं, की नेमकं भाऊसाहेबांचं पोट दुखायचं. आहेर माझ्याबरोबर पाठवायचे. वडील अजून आहेत, धाकट्या भावाजवळ असतात, थकलेत, एवढं लोकांकडून कळायचं. ऐकून घ्यायचे आणि विषय आमटीवर न्यायचे.

दसऱ्याला त्यांच्याकडे शस्त्रपूजा असे. बैठकीत जुनी तलवार, कट्यार, आपट्याची पानं, झेंडूची फुलं. त्या दिवशी ते चित्रावर उपरणं टाकून ठेवायचे. का, तर त्यातल्या तलवारीला चुकून हळदकुंकू पोचू नये. "त्या तलवारीला फूल नाही," म्हणायचे. आता कागदावरच्या तलवारीला फूल कसं पोचणार? पण भाऊसाहेबांशी वाद घालायला वेळ कोणाकडे होता!

लग्न केलं नाही. वंश चालवायला आणलेला गडी वंशच बंद करून बसला, असं गल्लीतल्या बायका म्हणत. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "मुलगा झाला असता आणि कोणी मागायला आलं असतं, तर? माझा कुठला हात उचलला असता, काय सांगावं?"

असं सगळं चाललं होतं, आणि चालत राहिलंही असतं. पण आमची लेक चित्रकलेच्या कॉलेजात गेली.

दुसऱ्या वर्षाला असेल. एका दुपारी खाली आली, काळ्या शाईनं बोटं माखलेली, आणि चित्रापुढे उभी राहिली. लहानपणापासून हजारदा बघितलेलं चित्र, पण त्या दिवशी नवीनच बघत असल्यासारखी. मग ओरडली, "आजोबा! अहो हे वुडकट आहे! आम्ही हेच करतोय सध्या. लाकडाच्या फळीवर खोदतात, मतलब, जे काळं पाहिजे ते ठेवायचं, बाकी सगळं कोरून काढायचं. मग शाई लावून कागद दाबायचा." मोबाइलवर फोटो काढून तिनं सरांना पाठवला. सरांचं उत्तर आलं, की युरोपात पाच-एकशे वर्षांपूर्वी ही अशी चित्रं करत. हे तेव्हाचं की मागाहून छापलेलं, ते कागद हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही, घेऊन या. भाऊसाहेब म्हणाले, "चित्र घराबाहेर जाणार नाही."

"नका पाठवू," लेक म्हणाली. "पण एक मजा आहे, आजोबा. छापलं ना, की सगळं पूरा उल्टा येतं. त्या माणसानं लाकडावर तलवार उजव्याच हातात दिली असणार. छापल्यावर ती डावीकडे गेली. आमचं तर रोज होतं. परवा मी माझी सही खोदली, तीपण उलटीच आली."

ती हसत होती. मी तिला डोळ्यानं गप्प करायचा प्रयत्न केला, पण तिला बिचारीला काय ठाऊक!

भाऊसाहेब आत गेले आणि दाढीचा आरसा घेऊन आले. चित्रापुढे पाठ करून उभे राहिले आणि आरशातून खांद्यावरून बघायला लागले. मग आरसा माझ्या हातात दिला. मीही बघितलं. काय सांगू, सगळं चित्र सरळ झाल्यासारखं वाटलं. म्हातारा उजव्या हातानं, चांगला ठरवून, तलवार उचलून उभा होता.

"वहिनी," ते खुर्चीवर बसत म्हणाले, "मी वडिलांच्या समोर बसलो होतो."

"मग?"

"समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्याला कुठल्या बाजूला दिसतो?"

मी माझे दोन्ही हात वर करून बघितले आणि माझाच गोंधळ उडाला. शेवटी आम्ही ते करूनच बघितलं. भाऊसाहेब सहा वर्षांचे होऊन जमिनीवर बसले, मी त्यांचा बाप होऊन समोर बसले, लेक भटजी झाली. फुलपात्रातून मी उजव्या हातावरून पाणी सोडलं. भाऊसाहेब म्हणाले, "हेच! अगदी असंच होतं." मग डाव्या हातावरून सोडलं. जरा थांबून म्हणाले, "हेही असंच होतं." आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच. फरशीवर ही तळी झाली. लेक म्हणाली, "आजोबा, छोड़ो ना, इतकं काय त्यात?" भाऊसाहेब उठले, स्वतः फडकं आणून फरशी पुसली आणि दार लावून घेतलं.

कित्येक दिवस जिन्याखालून वर्तमानपत्रांतला फरक ऐकू आला नाही. आमटी पाठवली तर वाटी नुसती धुऊन परत यायची, एक शब्द नाही. मग एका सकाळी वर आले, उंबऱ्याशीच उभे राहिले.

"वहिनी, हजीऱ्यात तुमचं काही काम आहे का?"

"नाही हो."

"काढा ना काहीतरी."

मी म्हटलं, रजई भरून घ्यायची आहे, तिकडे एक चांगला पिंजारी आहे. नव्हता. पण थंडी होती, रजई हे कारण कोणीही मानलं असतं. बाड्यावरून, म्हणजे लष्करातल्या मोठ्या चौकातून, टेंपोत बसलो. ते सगळा वेळ माझ्या मांडीवरच्या रिकाम्या रजईच्या खोळीकडे बघत होते. म्हणाले, "एकच बघायचंय. नुसतं विचारायचं आणि परत यायचं. कुठल्या हातानं सोडलं, आणि मनात होतं का." उतरल्यावर मी पत्ता विचारायला तोंड उघडलं, तर ते पुढे चालायला लागलेसुद्धा. गल्लीत शिरले, वळले, पुन्हा वळले, आणि एका निळ्या दारापुढे थांबले. साठ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, पण वाट पायांत होती.

अंगणात धाकट्या भावाची बायको, त्या घरच्या सूनबाई, वाटाणे सोलत होत्या. खाटेवर उन्हात एक म्हातारा बसलेला, अंग सगळं वाळलेलं, डोळे दुधाळ. दिसत फारसं नसावं. मांडीवर ताटली घेऊन पोहे खात होता. आणि खात होता डाव्या हातानं.

मी बघतच राहिले. सूनबाईंना वाटलं, मला ते खटकलं. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, सासरे पहिल्यापासून डावरे आहेत हो. पूजासुद्धा त्याच हातानं करतात. लोक बोलून बोलून थकले, पण हे काही सुधरले नाहीत."

मी भाऊसाहेबांकडे बघायचं टाळलं.

"कोण आलंय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

आता बोलायचं भाऊसाहेबांनी. मी वाट बघितली. सूनबाईंनीही बघितली. भाऊसाहेबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "लष्करातून आलोय."

"लष्करातून?" म्हाताऱ्यानं ताटली खाली ठेवली. "लष्करात माझा थोरला असतो. ओळखता?"

"ओळखतो."

"बरा आहे?"

"बरा आहे."

"असेल, असेल. मोठ्या घरात आहे. कामं खूप असतील त्याला." मग जरा पुढे झुकून म्हणाला, "त्याला एक सांगाल? आता बाड्यावरून टेंपो थेट इथपर्यंत येतो म्हणावं. मधे बदलावा लागत नाही."

"सांगतो," भाऊसाहेब म्हणाले.

आम्ही चहा घेतला आणि निघालो. रस्त्यात ते म्हणाले, "डावरे आहेत."

"हो."

"म्हणजे मला आठवत होतं ते बरोबर होतं. डावाच होता."

"हो."

"आणि त्याचा अर्थ काहीच नाही."

मी हो म्हणणार होते, मग नाही म्हणणार होते, शेवटी म्हटलं, "भाऊसाहेब, मला तर काही कळेनासं झालंय." ते म्हणाले, "मलाही."

मला वाटलं, संपलं. पण पुढच्या रविवारी ते एकटेच गेले. आणि त्याच्या पुढच्याही. 'मी तुमचा थोरला' म्हणून नव्हे हं! लष्करचे गृहस्थ म्हणून. थोरल्याचे निरोप घेऊन जायचे आणि थोरल्यासाठीचे निरोप घेऊन यायचे. कानटोपी नेली, "थोरल्यानं पाठवलीय, थंडी आहे, घाला म्हणालाय." म्हाताऱ्यानं बेसनाचा लाडू बांधून दिला, थोरल्याला द्या म्हणून. तो लाडू घेऊन भाऊसाहेब माझ्या स्वयंपाकघरात आले, पाटावर ठेवला आणि बघत बसले.

"खा की," मी म्हटलं.

"माझा नाही. थोरल्याचा आहे."

"अहो, मग थोरला कोण?"

"तेच तर. मी तिथून निघालो तेव्हा मी गृहस्थ होतो. आता इथे खाल्ला तर त्यांचा विश्वासघात नाही का होणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, थोरला होऊन, तो लाडू खाल्ला.

म्हाताऱ्याला कळलं होतं का? ह्यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. सूनबाई मला म्हणाल्या, "ताई, मला तर दारातच कळलं. चाल तीच, कान तेच. आमच्या ह्यांनाही मी सांगून ठेवलं, तुम्ही मधे बोलू नका म्हणून. पण सासऱ्यांचा काही पत्ता लागत नाही. विचारलं तर म्हणतात, 'ते लष्करचे? भला माणूस आहे.'" लेक म्हणते, "आई, आँखें ख़राब थीं, कान तो नहीं. सगळं कळत होतं त्यांना." मला एखाद्या दिवशी लेकीचं पटतं, एखाद्या दिवशी वाटतं, छे, बिचाऱ्याला कुठलं कळायला!

मग तो रविवार. मी बरोबर होते, कारण रजई खरोखरच भरून घ्यायची म्हणून सूनबाईंनी पिंजारी शोधून ठेवला होता. चहा झाला. भाऊसाहेब कप खाली ठेवत म्हणाले, "थोरल्यानं एक विचारलंय."

"विचारा ना."

"तो विचारतो, त्याला दिलंत, ते तुमच्या मनात होतं का?"

सूनबाईंचे हात वाटाण्यांत थांबले. म्हाताऱ्याचे दुधाळ डोळे भिंतीकडे. मग म्हणाला, "त्याला म्हणावं, मी तेव्हा लहान होतो."

मला आधी वाटलं, म्हातारा भरकटला. पण तो पुढे बोलत राहिला. "पंचविशीसुद्धा नव्हती आली. सगळे मोठे बसलेले. माझ्या काकांनी मागून माझं मनगट धरलं होतं. पाणी पडलं. ते मी सोडलं की काकांनी माझा हात कलता केला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. तो समोर बसला होता ना? त्याला काही दिसलं असेल तर म्हणावं, मलाही सांग."

इतकी वर्षं आम्ही सगळे त्या चित्रातला दाढीवाला म्हातारा बघत होतो. पाणी सोडणारा बाप माझ्या लेकीहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. भाऊसाहेबांच्याही.

"आणि म्हणावं," म्हातारा म्हणाला, "निरोप पुरे झाले. एकदा स्वतः ये."

त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी मास्टरांकडून नवा सदरा शिवून घेतला, पुऱ्या बाह्यांचा. रविवारी मला म्हणाले, "वहिनी, चला. मी एकटा गेलो तर पुन्हा निरोप्याच होऊन बसेन." निळ्या दारातून ते आत गेले, खाटेपाशी वाकले आणि पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, "मी थोरला."

म्हाताऱ्यानं डावा हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी. घाई नव्हती. मग म्हणाला, "आलास. बैस." आणि जागा करून दिली.

दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसले. थंडीचं झालं, टेंपोचं झालं, कानटोपी बरोबर बसते का ते झालं. मग म्हाताऱ्यानं विचारलं, "तुला काही दिसलं होतं का रे तेव्हा?"

आयुष्यभर शपथेवर सांगणारे भाऊसाहेब. ते म्हणाले, "पाणी पडताना दिसलं. हात नीट आठवत नाही."

"बरं झालं," म्हातारा म्हणाला, आणि जरा वेळानं दाराच्या दिशेनं कान देऊन विचारलं, "ते गृहस्थ नाही आले का आज?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सूनबाईंकडे बघितलं. सूनबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू होतं की काय होतं, कोण जाणे.

"नाही आले," भाऊसाहेब म्हणाले.

"पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन ये. मला त्यांची सवय झालीय."

"आणतो," भाऊसाहेब म्हणाले.